पिंजऱ्यांतील पक्षी आजारी पडल्यास

गोठ्यांतील गाय आजारी पडली तर ती चारा सोडते. दारांतील कुत्रा आजारी पडला तर तो कोपऱ्यांत जाऊन कण्हतो. परंतु पिंजऱ्यांतील पक्षी आजारी पडला म्हणजे बहुधा कोणास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. एके दिवशीं सकाळीं पिंजऱ्यावरील फडकें दूर करावें, आणि पक्षी तळाशीं निश्चल पडलेला आढळावा, असाच प्रकार पुष्कळ घरीं घडतो. ‘काल संध्याकाळपर्यंत अगदीं चांगला होता हो !’ असें मग घरांतील प्रत्येकजण म्हणतो. हें वाक्य बहुतेक वेळां खरें नसतें, हें दाखवून देणें हा माझ्या आजच्या भाषणाचा पहिला हेतु आहे. पक्ष्याचें दुखणें वेळेवर कसें ओळखावें, योग्य वैद्य कसा शोधावा, आणि त्याच्याकडे पोंचेपर्यंत काय करावें व काय करूं नये, याचें थोडेंसें दिग्दर्शन करणें हा दुसरा.

मी पशुवैद्य नाहीं. माझा सारा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला, आणि माझें स्वतःचें शिक्षणहि मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलें नाहीं. सबब मी आज कोणत्याहि औषधाचें नांव व मात्रा सांगणार नाहीं. आणि तें न सांगणें हाच या भाषणांतील एक मुख्य उपदेश आहे, असें आपण समजावें.

प्रथम कोणत्या पक्ष्यांविषयीं बोलावयाचें, तें स्पष्ट केलें पाहिजे. एके काळीं आपल्याकडे राघू-मैनेचा पिंजरा ही सुखवस्तु घराची खूण समजत. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं आपल्या देशांतील रानपोपट, मैना, मुनिया इत्यादि पक्षी पकडणें, विकणें व बाळगणें हा गुन्हा आहे. असा एखादा पक्षी जखमी होऊन आपल्या सज्जांत पडला, तर वनखात्यास कळवून त्याच्यावर उपचार करवावे. त्याला घरचा पाहुणा करून ठेवूं नये. आजच्या घरांतून जे पक्षी पाळले जातात, ते बहुधा परदेशी जातीचे व पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच वाढलेले असतात. बाजारांत हिरव्या, पिवळ्या किंवा निळ्या रंगाचा जो लहानसा पक्षी ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो, तो बहुशः ऑस्ट्रेलियांतील बजरीगार असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेंतला. तो अंगानें जाड व शेपटीनें आंखूड. डोक्यावर तुरा असलेला कॉकटील हाहि ऑस्ट्रेलियांतलाच. आपला पक्षी कोणता, हें मालकाला ठाऊक असलें पाहिजे. कारण वैद्य पहिला प्रश्न तोच विचारील. कांहीं परदेशी जातींची सरकारदरबारीं नोंद करणेंहि आवश्यक असतें. तेंहि पक्षी घेण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पक्षी आपलें दुखणें लपवितो तें कां ? याचें कारण त्याच्या रानांतील जीवनांत आहे. थव्यांत जो पक्षी मलूल दिसतो, त्याच्यावर ससाण्याची नजर प्रथम पडते. म्हणून अंगांत त्राण असेपर्यंत निरोगी असल्याचें सोंग आणणें हें लहान पक्ष्यांच्या हाडींमाशीं खिळलेलें आहे. पिंजऱ्यांत ससाणा येत नाहीं. परंतु सहस्रावधि वर्षांची संवय पिंजऱ्यानें जात नाहीं. आपण जवळ गेलों कीं आजारी पक्षीहि अंग सावरून बसतो, दाणे टिपल्यासारखें करतो, आणि आपण समाधानानें परत फिरतों. तेव्हां पक्षी उघड उघड आजारी दिसूं लागला, याचा अर्थ आजार आज सुरू झाला असा नसून, तो लपविण्याची शक्ति आज संपली, असा होतो. एवढें एक वाक्य जरी आपण या भाषणांतून ध्यानांत ठेवलें, तरी माझें येथें येणें सार्थकीं लागलें असें मी मानीन. ‘दोन दिवस वाट पाहूं’ हा विचार माणसाच्या पडशाला ठीक आहे. पक्ष्याच्या बाबतींत ते दोन दिवस त्यानें आधींच काढलेले असतात.

मग हें सोंग ओळखावें कसें ? पक्ष्याला आपण दिसणार नाहीं अशा ठिकाणीं, दाराआड किंवा पडद्याआड, दहा मिनिटें स्वस्थ उभें राहून पाहावें. निरोगी पक्ष्याची पिसें अंगाशीं चापून बसलेलीं असतात; तो हालचाल करतो, चोंचेनें पिसें विंचरतो, मधूनमधून बोलतो. आजारी पक्षी पिसें फुलवून चेंडूसारखा होऊन बसतो, कारण अंगांतील ऊब त्याला राखावयाची असते. भर दिवसा तो डोळे मिटतो. एका पायावर झोंपणाऱ्या पक्ष्यानें दोन्ही पाय टेकून झोंपावें, वरच्या दांडीवर बसणाऱ्यानें खालच्या दांडीवर यावें, आणि अखेर तळाशीं येऊन बसावें, ह्या उतरत्या पायऱ्या होत. श्वासाबरोबर शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खालींवर होऊं लागली, किंवा तो चोंच उघडी ठेवून श्वास घेऊं लागला, तर श्वसनास अडथळा आहे असें समजावें व त्याच दिवशीं वैद्य गांठावा.

दुसरी परीक्षा विष्ठेची. हा विषय कांहीं श्रोत्यांस अप्रशस्त वाटेल. परंतु पक्ष्याच्या प्रकृतीचें दैनिक वर्तमानपत्र पिंजऱ्याच्या तळाशींच छापलें जातें, त्याला इलाज नाहीं. पक्ष्याला मलमूत्रासाठीं निराळे मार्ग नसतात. म्हणून त्याच्या विष्ठेंत तीन भाग एकत्र असतात. हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग हा मळ. पांढरा खडूसारखा भाग व भोंवतालचें निर्मळ पाणी हीं दोन्ही मूत्रपिंडांतून येतात. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला, मळांत न पचलेले अख्खे दाणे दिसूं लागले, काळसर चिकटपणा किंवा रक्त दिसलें, अथवा विष्ठेची संख्याच एकदम घटली, तर तें आजाराचें चिन्ह होय. यासाठीं पिंजऱ्याच्या तळाशीं वाळू किंवा भुसा न घालतां साधा पांढरा कागद घालावा व तो रोज बदलावा.

तिसरी परीक्षा सर्वांत खात्रीची, आणि तिला खर्च अत्यल्प. ती म्हणजे वजन. स्वयंपाकघरांत वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा लहान विजेरी कांटा घ्यावा. त्यावर लहानशी डबी किंवा बसावयाची दांडी ठेवून, आठवड्यांतून एकदां, सकाळीं दाणे देण्यापूर्वीं, पक्ष्याचें वजन करावें व वहींत तारखेनिशीं लिहावें. बजरीगाराचें वजन साधारणतः ३० ते ४० ग्रॅम, लव्हबर्डाचें ५० च्या आसपास, आणि कॉकटीलचें ८० ते १०० ग्रॅम भरतें. परंतु पुस्तकांतील आंकड्यापेक्षां आपल्या पक्ष्याचा नेहमींचा आंकडा महत्त्वाचा. ३५ ग्रॅमचा बजरीगार ३१ ग्रॅमवर आला तर चार ग्रॅम म्हणजे काय मोठेंसें, असें वाटतें; पण सत्तर किलोचा गृहस्थ बासष्टांवर आल्यासारखें तें आहे. पिसांच्या खालीं तें डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं. एकदशांश वजन घटलें कीं वैद्याकडे जावें, मग पक्षी कितीहि आनंदी दिसो.

माझ्या परिचयाच्या एका घरीं दहा वर्षांच्या मुलीनें अशी वही ठेविली होती. आईबापांस तो पोरखेळ वाटे. एकदां तिच्या वहींत लागोपाठ दोन आठवडे आंकडा उतरला, आणि तिनें घरांत हट्ट धरला. पक्षी खात होता, गात होता. परंतु वैद्यानें पाहिलें तों चोंचेच्या मुळाशीं चुन्यासारखा खरखरीत थर नुकता दिसूं लागला होता, आणि विष्ठेच्या तपासणींत आंतड्याचाहि विकार निघाला. चोंचेवरचा तो थर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांमुळें येतो; दुर्लक्ष केल्यास चोंच वांकडी होऊन पक्षी उपाशी मरतो, आणि वेळीं औषध पडल्यास तो समूळ बरा होतो. शेजारच्या मंडळींनीं त्यावर हळद व तेल लावण्याचा सल्ला दिला होता. तेलानें पिसें चिकटतात व अंगांतील ऊब निघून जाते, हें त्यांस ठाऊक नव्हतें. त्या मुलीचा पक्षी वांचला, तो एका चार आण्यांच्या वहीमुळें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

कांहीं प्रसंग असे असतात कीं, तेथें उद्यां सकाळपर्यंतहि थांबतां येत नाहीं. मादी तळाशीं बसून कुंथते आहे, पोट फुगलें आहे, शेपटी खालींवर होते आहे, तर अंडें अडकलें असण्याचा संभव असतो. तेथें तासांचा हिशेब करावा लागतो. झटके येणें, मांजराचें दांत किंवा नख लागणें, आणि रक्त वाहणें हींहि तशींच. मांजराच्या तोंडांतील जंतूंमुळें सुईच्या टोकाएवढ्या जखमेनेंहि पक्षी दगावूं शकतो. म्हणून जखम क्षुल्लक दिसली तरी वैद्याकडे गेलेंच पाहिजे. रक्ताविषयीं तर असें कीं, बजरीगाराच्या अंगांतील सारें रक्त एक लहान चमचाहि भरत नाहीं. आपल्याला जें ‘चार थेंब’ वाटतें, तें त्याच्या दृष्टीनें पुष्कळ असतें. नखांतून रक्त येत असेल तर मक्याचें पीठ चिमटींत घेऊन तेथें दाबून धरावें, आणि तसेंच वैद्याकडे निघावें.

आतां वैद्याकडे पोंचेपर्यंत घरीं काय करावें, तें पाहूं. पक्ष्याच्या शरीराची उष्णता माणसापेक्षां अधिक, म्हणजे सुमारें ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. आजारी पक्ष्याची अर्धी शक्ति ती टिकविण्यांतच खर्च होते. म्हणून पहिला उपचार ऊब हा होय. पिंजऱ्याच्या तीन बाजू सुती चादरीनें झांकाव्या. एका बाजूस गरम पाण्याची पिशवी फडक्यांत गुंडाळून ठेवावी, किंवा बाहेरून साधा दिवा लावावा, व आंतील हवा ३० अंशांच्या आसपास राखावी. ऊब एकाच बाजूला असावी, म्हणजे नकोशी झाल्यास पक्ष्याला दुसरीकडे सरकतां येतें. तो पंख अंगापासून दूर धरून धापा टाकूं लागला, तर ऊब जास्त झाली असें समजावें. मात्र उन्हांत सांपडून धापा टाकणाऱ्या, अथवा पंख्यावर वा भिंतीवर डोकें आपटलेल्या पक्ष्याला ऊब देऊं नये. त्याला सावलींत, शांत जागीं ठेवावें.

दुसरा उपचार विश्रांति. मुलांची गर्दी, दूरचित्रवाणीचा गोंगाट व पुनःपुन्हां हातांत घेणें बंद करावें. दांडी खालीं आणावी. दाणे व पाणी चोंचेच्या टप्प्यांत ठेवावें. नेहमींचें आवडतें खाणें, राळ्याचें कणीस असेल तर तें, समोर टांगावें. लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासहि प्राणघातक ठरूं शकतो; म्हणून ‘लंघन परम औषध’ हें सूत्र येथें लागू नाहीं. परंतु तो खात नाहीं म्हणून चोंच उघडून आंत पाणी, दूध किंवा पेज ओतूं नये. पक्ष्याच्या श्वासनळीचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. ओतलेलें पाणी सरळ श्वासमार्गांत जातें, आणि प्रेमानेंच त्याचा प्राण घेतला जातो. त्याचप्रमाणें त्याला धरतांना छाती दाबूं नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा पिंजरा पुढेंमागें हालला तरच त्याचा श्वास चालतो. मूठ आवळली कीं तो गुदमरतो.

येथें हवेविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पक्ष्याचीं फुफ्फुसें लहान असलीं तरी त्यांस जोडलेल्या वायूच्या पिशव्या, बहुतेक जातींत नऊ, शरीरभर पसरलेल्या असतात, आणि हवेंतून प्राणवायु ओढून घेण्याची त्यांची योजना आपल्याहून पुष्कळ कार्यक्षम असते. पण त्यामुळेंच विषारी वायूहि तितक्याच वेगानें अंगांत भिनतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून विलायतेंतील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत. कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायु माणसास जाणवण्यापूर्वींच पक्षी कोसळे, आणि मजूर बाहेर पळत. ही प्रथा तेथें १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या स्वयंपाकघरांतील न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा फार तापला, तर त्यांतून निघणाऱ्या वाफेनें शेजारच्या खोलींतील पक्षी कांहीं मिनिटांत मरूं शकतो. माणसाला कदाचित् कांहींच कळणार नाहीं. डासांच्या अगरबत्त्या, सुगंधी फवारे, फोडणीचा धूर, यांपासूनहि पिंजरा दूर ठेवावा. पक्षी एकाएकीं धापा टाकूं लागला तर प्रथम त्याला मोकळ्या हवेंत न्यावें, आणि वैद्याला घरांत काय जळलें, काय फवारलें, तें न विसरतां सांगावें.

औषधांविषयीं तर मी हात जोडून विनंति करतों. आपल्या घरच्या औषधाच्या पेटींतील गोळीचा कण, दुकानदारानें दिलेली पिवळी पूड, कोंबड्यांसाठीं आणलेलें औषध, यांपैकीं कांहींहि पक्ष्याला देऊं नये. माणसाला व गुराला जें मानवतें, तें पक्ष्याला मानवेलच असें नाहीं; आणि याचा दारुण पुरावा आपल्याच देशानें पाहिला आहे. डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक माणसें घेत होतीं, गुरांनाहि तें देत असत. तें औषध दिलेलीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस गिधाडांनीं खाल्लें, आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९० नंतरच्या दीड दशकांत शेंकडा नव्याण्णवांहून अधिक नष्ट झालीं. कारण उलगडलें तें २००४ सालीं, आणि गुरांसाठीं त्या औषधावर २००६ सालीं बंदी आली. पांच-सहा किलोच्या गिधाडाची ही गत, तर पस्तीस ग्रॅमच्या जिवाविषयीं काय बोलावें ? पाण्यांत औषध मिसळण्याच्या युक्तीचाहि फारसा उपयोग नाहीं. बजरीगार हा मूळचा रुक्ष प्रदेशांतला. तो पाणी थोडेंच पितो, आजारांत तर त्याहून कमी, आणि कडू पाणी मुळींच पीत नाहीं. म्हणजे औषध पुरेसें जात नाहीं, आणि तहान मात्र राहते.

मग योग्य वैद्य कोठें मिळेल ? याचें उत्तर पक्षी निरोगी असतांनाच शोधून ठेवावें. घर घेतांना आपण जवळचा दवाखाना पाहतों. पक्षी घेतांनाहि तेंच करावें. आपल्याकडील पशुवैद्यकाची परंपरा लहान नाहीं. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे, आणि त्याच आवारांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथेंहि महाविद्यालयें आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं सर्वचिकित्सालयें आहेत. दिल्लीस लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिराच्या आवारांत तर केवळ पक्ष्यांसाठीं धर्मादाय रुग्णालय चालविलें जातें. तथापि हेंहि खरें, कीं आपल्या पशुवैद्यांचा बहुतेक अभ्यास व अनुभव गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या व कुत्रीं-मांजरें यांचा असतो. पिंजऱ्यांतील लहान पक्षी हा निराळा अभ्यास आहे, आणि तो केलेले वैद्य मोठ्या शहरांतहि मोजकेच सांपडतात.

तेव्हां दूरध्वनीवरून नम्रपणें तीन प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. आपण लहान पक्षी नेहमीं पाहतां काय ? आपल्याकडे ग्रॅमचा कांटा व सूक्ष्मदर्शक आहे काय ? आपल्या अनुपस्थितींत आम्हीं कोणाकडे जावें ? खरा विद्वान् वैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट आपला अनुभव कमी असल्यास तो स्वतःच दुसऱ्याचें नांव सुचवितो. गांवांत असा तज्ज्ञ नसेल, तर जवळच्या नोंदणीकृत पशुवैद्याकडे जावें व दूरच्या तज्ज्ञाशीं दूरध्वनीवर विचारविनिमय करण्याची त्यांस विनंति करावी. कांहींहि झालें तरी पदवीधर वैद्याचें अपुरें ज्ञान हें दुकानदाराच्या आत्मविश्वासापेक्षां श्रेयस्कर असतें.

वैद्याकडे जातांना आपल्या गृहिणी एक गोष्ट हटकून करतात. पाहुण्यांकडे जावयाचें म्हणून जसें मुलांचें तोंड धुवावें, तसा त्या पिंजरा घांसून पुसून लख्ख करतात. कृपा करून तसें करूं नये. तळाचा मळका कागद, सांडलेलीं टरफलें, उलटीचे डाग हाच वैद्याचा पुरावा असतो. लहान पिंजरा असेल तर तोच न्यावा. मोठा असेल तर भोंकें पाडलेल्या खोक्यांत पक्षी ठेवून आदल्या दिवसाचा कागद वेगळा बरोबर घ्यावा. झोका व खेळणीं काढावीं, पाण्याची वाटी रिकामी करावी व तिच्याऐवजीं काकडीची फोड ठेवावी. पिंजरा झांकून न्यावा; वाऱ्याच्या झोतांत किंवा दुचाकीच्या दांड्याला लटकावून नेऊं नये. बरोबर वजनाची वही व रोजच्या दाण्यांचा नमुना असावा. पक्षी घरीं विचित्र वागत असेल तर तें भ्रमणध्वनीवर चित्रित करून घ्यावें. कारण दवाखान्यांत गेल्यावर तो पुन्हां सोंग आणणार, हें विसरूं नये.

चांगला वैद्य पक्ष्याला एकदम हातांत घेत नाहीं. तो प्रथम दुरून पाहतो, श्वास मोजतो, आहार विचारतो. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची व बजरीगारांत आयोडीनची उणीव वरचेवर आढळते. म्हणून कित्येकदां औषधाइतकाच पालेभाजी व गाजराचा उपदेश मिळतो. विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, गळ्याखालील दाण्याच्या पिशवींतील नमुना घेणें, क्ष-किरणांनीं चित्र घेणें, या तपासण्या तो गरजेप्रमाणें करील. फार अशक्त पक्षी तपासतांनाच दगावूं शकतो, हेंहि तो आधीं सांगेल. तें ऐकून वैद्यावर रोष धरूं नये. औषध दिल्यावर तें कसें पाजावयाचें, तें त्याच्यासमोर एकदां स्वतः करून पाहावें, आणि पक्षी ताजातवाना दिसला तरी ठरलेले दिवस पुरे करावे.

आतां माणसांच्या हिताची गोष्ट. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांपासून माणसांस ‘सिटॅकोसिस’ नांवाचा फुफ्फुसाचा ताप येऊं शकतो. १९२९–३० सालीं विक्रीसाठीं देशोदेशीं पाठविलेल्या पोपटांबरोबर तो युरोप-अमेरिकेंत पसरला होता, व कित्येकांचा बळी गेला. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासाबरोबर आंत गेल्यानें तो होतो. आज त्यावर गुणकारी औषधें आहेत. परंतु तो ओळखला गेला पाहिजे. म्हणून घरांत पक्षी असतां कोणास ताप, तीव्र डोकेदुखी व कोरडा खोकला झाला, तर आपल्या डॉक्टरांस ‘आमच्याकडे पक्षी आहे’ हें आपण होऊन सांगावें. पिंजरा कोरडा झाडूं नये. कागद ओला करून उचलावा व नंतर हात धुवावे. नवा पक्षी आणल्यास निदान महिना-दीड महिना तो निराळ्या खोलींत ठेवावा. आणि अनेक पक्षी एकदम मेले, तर गुपचूप न पुरतां पशुसंवर्धन खात्यास कळवावें. २००६ सालीं आपल्या नवापूरच्या कोंबड्यांत पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा देशांत पहिल्यानेंच आढळला, हें आपण विसरूं नये.

एक प्रश्न राहिला, आणि तोच खरा. तीनशें-चारशें रुपयांच्या पक्ष्यासाठीं हजार रुपये खर्चावे काय ? व्यवहारी माणूस म्हणतो, त्यापेक्षां दुसरा आणूं. त्याच्या हिशेबांत चूक नाहीं. पण हिशेबाची सुरुवातच चुकीच्या जागेवरून झाली आहे. रानांतला पक्षी आपलें अन्न, आपली सावली, आपला उपाय स्वतः शोधतो. पिंजऱ्यांतल्याचे हे सारे मार्ग आपण बंद केले, ते त्याच्या संमतीनें नव्हे. ज्याची वाट आपण अडविली, त्याचा भार आपल्यावर येतो. त्याची किंमत दुकानांतील पावतीवर नसते. आणि घरांतील मुलें हें सर्व पाहत असतात. आजारी पडलें कीं टाकून द्यावें, हा धडा एकदां त्यांनीं घेतला, तर तो केवळ पक्ष्यापुरता राहील, अशी हमी कोण देईल ? ज्याला खर्च झेपत नाहीं, त्यानें धर्मादाय रुग्णालय गांठावें, किंवा वैद्याला आपली मर्यादा मोकळेपणानें सांगावी. त्यांत लाज नाहीं.

कांहीं सत्प्रवृत्त मंडळी आजारी पक्ष्याला ‘मुक्त करून पुण्य’ जोडतात. पिंजऱ्यांत जन्मलेल्या परदेशी पक्ष्याला आपल्या आकाशांत ना दाणा ओळखीचा, ना वाट. तास-दोन तासांत कावळे त्याला गांठतात. ही मुक्ति नव्हे. आपल्या डोळ्यांआड घडविलेला मृत्यु आहे. बरा होण्याची आशाच उरली नसेल, तर वेदनेविना शेवट करण्याचा मार्ग वैद्याजवळ असतो, आणि प्रसंगीं तोच दयेचा असतो. घरीं इतर पक्षी असतील, तर मेलेल्या पक्ष्याची तपासणी करवून घ्यावी. त्यासाठीं तो पिशवींत घालून थंड ठेवावा, पण गोठवूं नये. गेलेल्या पक्ष्याचा उपयोग राहिलेल्यांस होतो.

श्रोतेहो, आपण घरीं पक्षी पाळला असेल तर उद्यां सकाळीं दोनच गोष्टी करा. त्याचें वजन करून वहींत पहिला आंकडा लिहा. आणि वैद्याचें नांव व दूरध्वनीक्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा. बाकीचें सारें प्रसंग येईल तेव्हां सुचेल.